बॅटरी 'गेली' म्हणण्याआधी

गाडीची बॅटरी 'गेली' असं आपण फार लवकर म्हणतो. माणसाबद्दल हा शब्द काढायच्या आधी डॉक्टर नाडी बघतो, डोळ्यांत बॅटरी मारून बघतो (हीसुद्धा बॅटरीच!), आणि मग चष्मा काढून गंभीर होतो. गाडीच्या बॅटरीला हे भाग्य नाही. दुकानासमोर गाडी लावायची, दुकानदार म्हणणार "सेल्फ मारा", आपण मारणार, तो खर्रर्र आवाज ऐकणार आणि मान हलवून म्हणणार, "गेली." पाच मिनिटांत नवी बॅटरी, जुनीचे वजनावर पैसे वजा, बिल हातात. त्या पाच मिनिटांत कोणी मीटर लावलेला नसतो.

माझं मत असं आहे की निम्म्याहून जास्त वेळा दोष बॅटरीत नसतो, तो तिला मिळणाऱ्या खुराकात असतो. हे माझं मत आहे, माझ्याकडे आकडेवारी नाही. पण ते का झालं ते सांगतो.

नातेवाईक मंडळींना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात: दादाने आणि मी मिळून निम्म्या-निम्म्या पैशांत एक जुनी राहती गाडी घेतली आहे. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, कागदावर खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन. आत दोन पलंग, एक छोटा फ्रिज, शेगडी, पंखे, दिवे. गाडी चिंचोटीला मावसभावाच्या आवारात उभी असते, कामणच्या रस्त्याला. वसईत आमच्या सोसायटीत तिला जागा नाही, आणि असती तरी सेक्रेटरींनी ठेवू दिली नसती.

गाडी घेण्याचं कारण बाबा. बाबांचे गुडघे हॉटेलांच्या जिन्यांना कंटाळले आहेत, आणि त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. रात्री नाकावर मास्क लावून सीपॅप मशीन चालू ठेवावं लागतं. ते मशीन हवेचा हलका दाब देत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. चालू असेल तर बाबा सकाळी ताजेतवाने, पेपर मोठ्याने वाचून दाखवणार. बंद पडलं तर घोरणं, मध्येच शांतता, मग एकदम दचकून उठणं. ती मधली शांतता ऐकायची सवय होत नाही. डॉक्टर म्हणाले आहेत की एखाद्या रात्री नसेल तर कुशीवर झोपवा, घाबरू नका, पण असं वारंवार होऊ देऊ नका. तेव्हा आमच्या गाडीत विजेचा प्रश्न हा टीव्ही लागतो की नाही याचा नाही.

आता हिशोब. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण मग पुढचं भांडण कळणार नाही.) मशीनचा ह्युमिडिफायर बंद ठेवला, आणि इन्व्हर्टर मध्ये न घालता सरळ बारा व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालवलं, की ते तासाला साधारण तीन अँपियर घेतं. आठ तासांचे चोवीस. फ्रिज दिवसाकाठी पस्तीसच्या आसपास. दिवे-पंखे-मोबाइल दहा-बारा. झाले सत्तर अँपियर-अवर. बॅटरी दीडशेची, घरच्या इन्व्हर्टरला असते तशी उंच ट्युब्युलर. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून वापरायचे पंचाहत्तर. म्हणजे एका रात्रीला पुरेल इतकी, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना ते सत्तर परत भरले गेले पाहिजेत. सगळा खेळ या 'परत भरले गेले पाहिजेत'वर आहे.

आणि आमचा त्रास नेमका तिथेच होता. पहिली रात्र नेहमी उत्तम. चिंचोटीहून निघताना घरच्या विजेवर रात्रभर चार्जर लावलेला असायचा, त्यामुळे बॅटरी गच्च. दुसऱ्या रात्री मात्र अडीच-तीनच्या सुमाराला मशीन पिप-पिप करून बंद. आंजर्ल्याला झालं, दिवेआगरला झालं. आंजर्ल्याला बाबा उरलेली रात्र खुर्चीत बसून होते, समुद्राकडे तोंड करून, आणि दर दहा मिनिटांनी आम्हालाच सांगत होते, "तुम्ही झोपा रे." आम्ही इंजिन चालू करून बघितलं. तासभर घरघर झाली, शेजारच्या घरातला कुत्रा पेटला, बॅटरीत काही फारसं गेलं नाही.

मग एका दुकानात "गेली" हा निकाल लागला. दादाने नवी बॅटरी घेतली. पुढची सहल भंडारदरा. पहिली रात्र उत्तम. दुसरी रात्र, पावणेतीन.

इथे बाबांनी डोकं लावलं. बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. सिग्नलच्या बॅटरीखोलीत काढलेली वर्षं ते विसरलेले नाहीत. तिथे प्रत्येक सेलला नंबर असतो, त्यातला एक 'पायलट सेल' म्हणून धरतात, त्याची घनता हायड्रोमीटरने मोजून रजिस्टरमध्ये लिहितात, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्या सेलची. सिग्नल अंधारात गेला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. बाबा म्हणाले, "नवी बॅटरीपण दुसऱ्याच रात्री झोपते, म्हणजे बॅटरी बरोबर आहे. तिला दिवसा जेवायला मिळत नाहीये." मला वाटतं निदान म्हणतात ते याला. मीटर त्यांनी नंतर मागितला, आधी क्रम बघितला: कधी चालते, कधी थांबते, काय बदललं आणि काय बदललं नाही.

चिंचोटी फाट्याला ज्यांचं जाणं आहे त्यांना तिथली दुनिया माहीत आहे. अहमदाबाद हायवेवरून भिवंडीकडे वळणारे कंटेनर, पंक्चरवाले, पाटेवाले, ग्रीसवाले, आणि टपरीएवढ्या दुकानात बसलेले वायरमन. पावसाळ्यात लोक चिंचोटी म्हटलं की धबधबाच विचारतात. (तिथे बुडून इतके जीव गेले आहेत की पावसाळ्यात जायला बंदी घालावी लागते, तरी पोरं जातातच.) माझ्या दृष्टीने चिंचोटीचं खरं वैभव हे वायरमन आहेत. हायवेवर गाडी बंद पडलेला ड्रायव्हर नवी वस्तू विकत घ्यायला आलेला नसतो, त्याला आज रात्री भिवंडी गाठायची असते. त्यामुळे इथल्या माणसाला विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त येते.

आम्ही ज्या मिस्त्रींकडे गेलो त्यांनी आधी बॅटरीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "दादा, गाडी चालू करा, मागचा फ्रिज, पंखे, सगळं लावा." रिकाम्या पोटी मोजलं तर आजार दिसत नाही, करंट वाहत असतानाच मोजायचं. मग मीटर घेऊन पुढून मागे चालत आले. डायनामोवर (अल्टरनेटरला हायवेवर अजून सगळे डायनामोच म्हणतात) १४.२ व्होल्ट. इंजिनच्या बॅटरीवर १४.१. मागच्या, म्हणजे घराच्या बॅटरीवर १३.१. मध्ये एक व्होल्ट गायब! क्लॅम्प मीटर अडकवला तर वायरीतून वाहत होते जेमतेम वीस अँपियर.

मग त्यांनी तो व्होल्ट शोधला, आणि तो भाग मला एखाद्या रहस्यकथेसारखा वाटला. मीटरची एक सुई वायरीच्या या टोकाला, दुसरी त्याच वायरीच्या त्या टोकाला. चांगल्या वायरीत इथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आमच्या सात मीटर लांब, सहा स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.४ आले. फ्यूजच्या खोबणीत ०.२. आणि उरलेले ०.४ कुठे? मागच्या बॅटरीची अर्थ चेसिसला जिथे बोल्टाने आवळली होती तिथे. बोल्ट काढला तर खाली रंग, रंगाखाली गंज, आणि तांब्याचा लग कल्हई उडालेल्या पातेल्यासारखा हिरवा. खाडी जवळ, मिठागरं जवळ, वर चार महिने पाऊस. आपल्याकडच्या हवेत उघडा तांब्याचा जोड फार दिवस तांबडा राहत नाही.

ही वायर गाडीच्या आधीच्या मालकाने कुठेतरी बसवून घेतलेली. आत सागवानी कपाट, एलईडीच्या रंगीत पट्ट्या, छताला चांदण्या, आणि या सगळ्याच्या मुळाशी सात मीटर बारीक वायर. मला या गोष्टीचा राग येतो. राहत्या गाड्या आता आपल्याकडे बऱ्याच बनतात. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गाड्यांचे फोटो बघितले की गाद्या, पडदे, कॉफीचं मशीन. वायर किती स्क्वेअरची, फ्यूज कुठे, अर्थ कशी आणली, हे कोणी फोटोत दाखवत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. विचारा हो! भाड्याने घेत असाल तरी विचारा. मागची बॅटरी चालत्या गाडीत किती अँपियर घेते या एका प्रश्नावर समोरचा माणूस गडबडला, तर दुसऱ्या रात्री तुम्हीही गडबडणार.

एक व्होल्टाने एवढं काय बिघडतं, असं मला माझ्या मेहुण्याने विचारलं. बिघडतं. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी विश्रांतीत भरलेली असेल तर १२.७ दाखवते, निम्मी झाली की १२.२ च्या आसपास. म्हणजे भरलेली आणि निम्मी यांत अंतरच अर्ध्या व्होल्टाचं. तिला नीट भरायचं तर १४.४ च्या आसपास द्यावं लागतं. १३.१ वर ती घेते, पण चमचा-चमचा घेते. जसजशी भरते तसा करंट कमी होतो, करंट कमी झाला की वायरीतली गळतीही कमी होते, त्यामुळे बारीक वायरीनेही ती शेवटी भरेल, पण तिला पंधरा-वीस तास चालवा. आम्ही दिवसाला चार तास चालवतो. आणि अशी कायम अर्धपोटी ठेवलेली शिशाची बॅटरी हळूहळू खरोखरच मरते, कारण प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ते मग विरघळत नाहीत. म्हणजे दुकानदाराचं "गेली" दोन वर्षांनी खरं ठरतं. नवीही तशीच जाते. आंजर्ल्याच्या त्या जुन्या बॅटरीचं खरं काय होतं ते आता कधीच कळणार नाही, कारण ती बदल्यात गेली.

दुरुस्ती म्हटली तर साधी. पंचवीस स्क्वेअरची तांब्याची केबल, जायला आणि परत यायलाही, म्हणजे परतीच्या वाटेला चेसिसवर विसंबायचंच नाही. नवे लग, हातोडीने न चेपता दाबयंत्रावर दाबलेले, वर रबरी नळी. दोन्ही टोकांना बॅटरीच्या वीतभर अंतरात फ्यूज, कारण अशी केबल कुठे घासून चेसिसला टेकली तर दोन्हीकडच्या बॅटऱ्या तिला तापवून लाल करतील आणि वर बाबांचा पलंग आहे. इंजिन चालू असताना दोन बॅटऱ्या जोडणारा आणि बंद झाल्यावर तोडणारा रिलेही बदलला. सगळं मिळून सात हजारांच्या आत. आता मागे तीस अँपियर जातात आणि वाटेत गळती ०.३५ व्होल्ट. चार तास चालवलं की रात्रीचा खर्च बराचसा वसूल, वर छतावरची सोलर पाटी उरलेलं बघते.

आता भांडण. माझा पुण्याचा आतेभाऊ (तो हे वाचतो, म्हणून जपून लिहितो) याचं म्हणणं असं की हे सगळं जुनाट आहे, लिथियम टाका आणि मोकळे व्हा. त्याचं निम्मं खरं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला निम्म्याहून कमी, पाणी घालायला नको, ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, आणि अर्धपोटी राहण्याचं तिला काही वाटत नाही. पण ती अधाशी आहे. समोर जेवढा करंट मिळेल तेवढा ओढते. आमच्या जुन्या बारीक वायरीवर आणि हिरव्या लगवर ती बसवली असती तर तो जोड तापलाच असता. डायनामोही तापतो, विशेषतः गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालवलं तर, कारण तेव्हा त्याचा स्वतःचा पंखाही मंद फिरत असतो. म्हणून तिला मध्ये करंट आवरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. शिवाय तिचा व्होल्टेज भरलेली असो वा निम्मी, १३.२ च्या आसपासच घुटमळतो, म्हणजे साध्या मीटरवर काही कळत नाही, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा वेगळा मॉनिटर हवा. हे सगळं धरून तो लाखाचं अंदाजपत्रक घेऊन आला होता. माझं म्हणणं एवढंच की लाख घाला, पण सात हजारांचं काम आधी करा. कारण ते काम न करता घातलेला लाख भंडारदऱ्याला पावणेतीन वाजता बंद पडला असता, तोही एखादेवेळेस धूर काढून.

आतेभावाच्या बाजूने एक मुद्दा मी स्वतःच देतो. आमची गाडी २०२० च्या आधीची आहे म्हणून हे साध्या रिलेवर भागलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर डायनामोचा व्होल्टेज वरखाली करतो. इंधन वाचवायला बॅटरी भरलेली दिसली की खाली आणतो, ब्रेक लावला की चढवतो. अशा गाडीत रिले कधी जोडेल आणि कधी तोडेल याचा नेम नाही. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर घेणं ही चैन नाही, तोच उपाय आहे. तेव्हा नव्या गाडीवर बांधकाम करणाऱ्यांनी माझं ऐकून फक्त जाड केबल टाकू नये.

आत्याचं म्हणणं या सगळ्यापेक्षा वेगळं आणि जास्त अवघड आहे. ती फोनवर म्हणाली, "एवढा जीव टांगणीला लावून त्याला फिरवायचं कशाला? घरी नीट झोपतोय ना." मला याचं उत्तर पटकन देता आलं नाही. घरीसुद्धा वीज जातेच. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं वसईकर विसरलेले नाहीत, घरोघरी इन्व्हर्टर तेव्हाच आले. बाबांचं मशीन घरीही बॅटरीवरच तगतं कधी कधी, आणि घरची बॅटरी तर पलंगाखाली धूळ खात असते, तिच्याकडे कोण बघतं? माझ्या मते गाडीतली बॅटरी घरच्यापेक्षा जास्त भरवशाची आहे, कारण तिच्याकडे बघितलं जातं. आणि बाबांना माणगाव ओलांडल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते आत्याने बघितलेलं नाही. तरीही तिचा मुद्दा अगदीच सोडला नाही. मशीनसाठी एक वेगळी छोटी बंद बॅटरी ठेवली आहे, जिला फ्रिज नाही, दिवा नाही, मोबाइल नाही. मोठी झोपली तर ती एक रात्र काढते. दादाला हा खर्च वायफळ वाटतो. वाटू दे.

देखभालीचं म्हणाल तर त्यात बुद्धीचं काम थोडं आणि आठवण ठेवायचं काम जास्त. पाणी बॅटरी पूर्ण भरल्यावर घालायचं, आधी नाही, कारण भरताना आतली पातळी वर येते आणि आम्ल झाकणातून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र आधी त्या झाकण्यापुरतं घालायचं. पाणी डिस्टिल्डच. आमच्या ओळखीत एक गृहस्थ एसीच्या नळीचं पाणी घालतात आणि फुकट मिळतं म्हणून खूश असतात. त्या पाण्यात एसीच्या जाळीवरची धूळ आणि धातूचे कण येतात, मी घालणार नाही. टर्मिनलवर पांढरं फूल आलं की गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं, कोरडं करायचं, आवळायचं आणि मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग आवळणं हा उलटा प्रकार मी दोन गॅरेजांत बघितला आहे. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हातातली अंगठी आणि कडं काढून. आणि बॅटरीची पेटी हवेशीर. भरताना हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीला पेटतो. आमची पेटी गाडीच्या बाहेरून उघडते. पलंगाखाली बंद कप्प्यात पाण्याची बॅटरी ठेवलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत आणि तिथून बिडी ओढणाऱ्या माणसाला हात धरून बाहेर नेलं आहे.

जून ते सप्टेंबर गाडी उभीच. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, म्युझिक सिस्टिम असं काहीबाही चोरून खात असतं. पाव अँपियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दिवसाला सहा अँपियर-अवर झाले, पंचवीस दिवसांत आमची दीडशेची बॅटरी तळाला. म्हणून मुख्य स्विच काढून ठेवायचा. सोलरवर पावसाळ्यात विसंबायचं नाही, मावसभावाच्या आवारात वर आंबा आहे आणि आंब्याच्या वर ढग. पंधरा दिवसांनी एकदा घरच्या विजेवर चार्जर लावायचा. चार्जरही असा हवा की जो पोट भरलं की थांबतो, म्हणजे १४.४ पर्यंत नेऊन मग १३.६ वर येऊन बसतो. आणि उन्हाळ्यात त्याहूनही थोडं कमी, कारण बॅटरी तापलेली असली की तिला कमी व्होल्टेज पुरतो. वाढत्या दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या गाडीत किती अंश होतात ते तुम्हीच बघा.

होमस्टेवाल्यांकडे प्लग मागायचा असेल तर आधी फोनवर विचारावं आणि विजेचे पैसे वेगळे द्यावेत, ते लाजतात पण त्यांना बरं वाटतं. प्लगला अर्थ आहे की नाही ते टेस्टरने बघावं. कोकणात संध्याकाळी व्होल्टेज उतरतो तेव्हा चार्जर कुथत बसतो. त्याला पहाटेपर्यंत वेळ द्यावा.

आणि कधी म्हणायचं मग "गेली"? बाबांची कसोटी अशी: बॅटरी पूर्ण भरा, चांगली रात्रभर, मग चार-सहा तास काहीही न जोडता ठेवा. सहाही सेलची घनता घ्या. पाच सेल १.२४० आणि एक १.१५० वर अडलेला असेल, आणि पुन्हा भरूनही तो वर येत नसेल, तर गेली. सगळे सारखे खाली असतील तर ती उपाशी आहे, तिला जेवू घाला. सगळे वर असतील पण पाच अँपियरचा दिवा लावला की चार-पाच तासांत व्होल्टेज कोसळत असेल, तर म्हातारी झाली. यात घाईचं काही नाही, दोन दिवस जातात. दुकानात पाच मिनिटं लागतात हे मला मान्य आहे. खरोखर गेली असेल तेव्हा ती नीट बदल्यातच द्यावी, भंगारवाल्याने आम्ल गटारात ओतून शिसं न्यावं असं होऊ देऊ नये. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

वायर बदलून झाल्यावर पहिली सहल गुहागरची झाली. दुसऱ्या रात्री दादा आणि मी दोघंही पावणेतीनला जागे होतो, एकमेकांना न सांगता. मशीनचा तो सुं-सुं आवाज चालू होता. तिसऱ्या रात्री आम्हाला झोप लागली.

बाबांनी आता रजिस्टर घातलं आहे. जुन्या डायरीची उरलेली पानं, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, ठिकाण, विश्रांतीतला व्होल्टेज, पायलट सेल, पाणी, शेरा. चिंचोटीला गेलं की चष्मा कपाळावर चढवून, हातमोजे घालून तेच हायड्रोमीटर धरतात, मला फक्त झाकण उघडायची परवानगी आहे. गेल्या रविवारची नोंद: १२.६८, सेल क्रमांक तीन १.२४०, पाणी नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "डाव्या मागच्या चाकात हवा कमी." पुढच्या शनिवारी हर्णैला निघायचं ठरतंय. आत्या यायचं म्हणते आहे, एका अटीवर, की तिच्या पलंगाकडचा पंखा रात्रभर चालू राहील. पंख्याचे दीड अँपियर बाबांनी हिशोबात आधीच धरले आहेत.